प्रस्तावना : नोकरी करावी, छळ सोसू नये

नोकरी करणारा माणूस दिवसाचे आठ-नऊ तास कामाच्या ठिकाणी असतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरात जाण्यायेण्याचे दोन-तीन तास त्यात धरले, तर जागेपणीचा बहुतेक वेळ नोकरीच्याच हवाली होतो. त्या जागी रोज पाणउतारा होत असेल, मुद्दाम चुका उकरून काढल्या जात असतील, तर तो त्रास संध्याकाळी पंच करून बाहेर पडल्यावर संपत नाही. रविवारी दुपारपासूनच सोमवारच्या विचाराने पोटात गोळा येतो, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होते, रात्री दोनला जाग येते आणि साहेब काय म्हणाले, आपण काय उत्तर द्यायला हवे होते, याची उजळणी पहाटेपर्यंत चालते. हे घरी सांगितले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : नोकरी म्हटली की एवढं तेवढं चालायचंच, दुर्लक्ष कर.

दुर्लक्ष करून हा प्रश्न सुटत नाही, हे सांगण्यासाठी हे पुस्तक आहे. कारखान्यातला कंत्राटी कामगार, शाळेतली शिक्षणसेवक, रुग्णालयातली परिचारिका, बँकेतला अधिकारी, हिंजवडीतला इंजिनिअर, पंचायत समितीतला कनिष्ठ सहायक अशा सगळ्यांसाठी ते लिहिले आहे. त्यांची कामे वेगळी, पगार वेगळे, बोलण्याची भाषाही वेगळी. छळाची पद्धत मात्र सगळीकडे आश्चर्य वाटावे इतकी सारखी असते. कामगारांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी अनेक वर्षे ऐकल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. छळाचे प्रकार कितीही असोत, त्याचे मुख्य साधन एकच असते, ते म्हणजे माणसाला एकटे पाडणे. म्हणूनच जो उपाय माणसाचे एकटेपण मोडतो, तोच टिकतो. पुढच्या प्रकरणांमध्ये कायदा आहे, मानसशास्त्र आहे, अर्जांचे नमुने आहेत. ते सगळे या एका गोष्टीभोवती मांडले आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. वरिष्ठाने काम नीट करून मागणे म्हणजे छळ नव्हे. मुदत पाळा म्हणणे, चूक दाखवणे, प्रसंगी कडक शब्दांत सुनावणे, नियमाप्रमाणे बदली करणे हे सगळे नोकरीत येते. एखाद्या दिवशी साहेबांचा तोल गेला आणि ते ओरडले, म्हणून लगेच त्याला छळ म्हणता येत नाही. मग रेषा कुठे ओढायची? चार प्रश्न विचारून पाहावेत. बोलणे कामाबद्दल आहे की माणसाबद्दल? नियम सगळ्यांना सारखा आहे की एकालाच? चूक दाखवताना ती सुधारायला वाव दिला जातो का? आणि हे एकदाच घडले की पुन्हा पुन्हा घडते आहे? ‘या अहवालातले आकडे चुकले आहेत, उद्यापर्यंत दुरुस्त करा’ ही सूचना झाली. ‘तुम्हाला कुणी नोकरीला घेतलं, वशिल्याचं तट्टू’ हे दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकवणे हा छळ झाला.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये सुरू झाला. हाइन्झ लेमन या मानसशास्त्रज्ञाने कामाच्या ठिकाणी एका माणसावर गटाने किंवा वरिष्ठाने सातत्याने केलेल्या वागणुकीची नोंद केली. अभ्यासासाठी त्यांनी कसोटी ठेवली ती अशी : आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने. १९९३ मध्ये स्वीडनने याविरुद्ध स्वतंत्र नियम केले. सातत्याची ही कसोटी अभ्यासकाला उपयोगी पडते, पण जो सोसतो आहे त्याने सहा महिने भरायची वाट पाहू नये. २०१९ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हिंसा आणि छळ यांविषयीचा करार क्रमांक १९० मंजूर केला. कृती एकदाच घडली असो वा वारंवार, ती छळ ठरू शकते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा करार शारीरिक इजेवर थांबत नाही, मानसिक, लैंगिक आणि आर्थिक नुकसानही त्यात धरले आहे. घरून कामावर जाताना-येताना, प्रशिक्षणात, कामाच्या फोनवर आणि संदेशांमध्ये जे घडते तेही कामाच्याच जगात मोडते, हेही त्याने मान्य केले.

जपानने २०१९ मध्ये कायद्यात बदल करून अधिकाराच्या जोरावर होणारा छळ रोखण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. २०२० पासून मोठ्या आणि २०२२ पासून लहान उद्योगांना ती लागू झाली. तिथल्या सरकारने अशा छळाचे सहा प्रकार केले आहेत. ते वाचताना आपल्याच कार्यालयाचे वर्णन चालले आहे असे वाटते. पहिला, अंगावर हात टाकणे किंवा वस्तू फेकून मारणे. दुसरा, शिवीगाळ आणि मानहानी. तिसरा, माणसाला इतरांपासून तोडणे. चौथा, होणारच नाही इतके काम लादणे. पाचवा, मुद्दाम काम न देणे किंवा लायकीपेक्षा खूपच हलके काम देणे. सहावा, खासगी आयुष्यात नाक खुपसणे. यांतले पहिले दोन सगळ्यांना दिसतात. तिसरा आणि पाचवा सहसा कुणाला दिसत नाहीत, आणि आपल्याकडे सर्वाधिक वापरले जातात ते हेच दोन.

ते कसे घडते हे जवळून पाहण्यासाठी तालुक्याच्या गावातली सहकारी बँकेची एक शाखा डोळ्यांसमोर आणू. कुणा एका बँकेची ही हकीकत नाही. अनेकांच्या सांगण्यातून पुन्हा पुन्हा आलेल्या गोष्टी इथे एकत्र केल्या आहेत. शाखेतला जुना क्लार्क अपुऱ्या कागदपत्रांच्या एका कर्जप्रकरणावर सही करायला नकार देतो. कुणी त्याच्यावर ओरडत नाही. पुढच्या आठवड्यात त्याचे काउंटर दुसऱ्याकडे जाते आणि त्याचे टेबल रेकॉर्ड रूमच्या दाराशी हलते. संगणकाचा पासवर्ड बंद होतो. विचारले तर ‘वरून काम चालू आहे’ असे सांगतात. शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याचा नंबर निघतो, त्यामुळे मीटिंग कधी आहे हे त्याला कळत नाही आणि गैरहजर राहिल्याचा ठपका मात्र येतो. रजेचा अर्ज ड्रॉवरमध्ये पडून राहतो. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मेमो हातात पडतो : आपले काम असमाधानकारक आहे, चोवीस तासांत लेखी खुलासा करा. चहाचा ट्रे घेऊन येणारा शिपाई त्याच्या टेबलाआधीच वळतो. इतकी वर्षे ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला ती माणसे दुपारी आधीच उठून गेलेली असतात.

यातली एकेक गोष्ट सुटी घेऊन तक्रार करायला गेले तर ऐकणारा हसेल. टेबल हलवले, ग्रुपमधून काढले, चहा आला नाही, ही काय तक्रार झाली? तारखेवार एकत्र मांडली की मात्र चित्र लख्ख दिसते. छळ करणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते, म्हणून तो एकही मोठी गोष्ट करत नाही. सोसणाऱ्याला ते ठाऊक नसते, म्हणून तो स्वतःलाच विचारत राहतो की आपणच फार हळवे आहोत का. लेमन यांच्या अभ्यासातही हाच क्रम दिसतो. आधी एखादा मतभेद होतो, मग माणसाला लक्ष्य केले जाते. पुढे व्यवस्थापन त्यात उतरते, पण ‘हा माणूसच त्रासदायक आहे’ असा समज घेऊनच. शेवटी तो माणूस नोकरीतून बाहेर फेकला जातो. तोवर त्याच्या कामातही खरोखर चुका व्हायला लागलेल्या असतात, कारण झोप नसलेल्या आणि सतत धास्तावलेल्या माणसाकडून चुका होणारच. मग त्याच चुका पुरावा म्हणून त्याच्यापुढे टाकल्या जातात. इथे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ज्याला ओळखता येते, तोच चौकशी नीट करू शकतो.

डबा घेऊन आधीच उठणारे सहकारी दुष्ट असतात असे मला वाटत नाही. त्यांच्याही घराचे हप्ते चालू असतात. त्यांचाही गोपनीय अहवाल त्याच साहेबांच्या हातात असतो. अप्रेझल, टार्गेट, कंत्राटाचे नूतनीकरण, सोयीची शिफ्ट, दिवाळीतली रजा अशा अनेक दोऱ्या एकाच माणसाच्या हातात असल्या, की बाकीचे गप्प बसतात. आपल्या कार्यालयांमध्ये वरिष्ठाला ‘साहेब’ म्हणण्याबरोबरच त्याचा शब्द न तोडण्याची सवय लागते. ‘आम्हीही असंच शिकलो’ हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते आणि स्वतः सोसलेले पुढच्या पिढीवर काढले जाते. वर जातीची उतरंड असतेच. आरक्षणातून आलात म्हणून टोमणा, आडनाव विचारण्याची ती खास पद्धत, पाण्याचा वेगळा पेला, हे संपले असे म्हणणाऱ्यांनी एकदा बळी पडलेल्यांचे ऐकावे. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत काम करणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातून त्या आल्या होत्या. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याच्या आरोपावरून खटला उभा राहिला. निकाल न्यायालय देईल. पण शिकता शिकता काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या जगाकडे महाराष्ट्राने त्या निमित्ताने पहिल्यांदाच इतक्या गंभीरपणे पाहिले, आणि ते पाहणे पुरेसे नव्हते.

२०२४ मध्ये पुण्यात नोकरीला लागलेल्या एका तरुण सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिले. नव्या मुलांवर टाकल्या जाणाऱ्या कामाच्या ओझ्याबद्दल त्या पत्रात प्रश्न होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ते पत्र देशभर वाचले गेले, कारण प्रत्येक घरात त्या वयाचे कुणीतरी रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडून बसलेले असते. कामाचा भार आणि छळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे. पण ‘नाही’ म्हणण्याची सोयच ठेवली नाही, आणि नाही म्हणणाऱ्याला कमी लेखले गेले, तर पहिली गोष्ट दुसरीत कधी बदलते हे कळतही नाही.

संपूर्ण कंपनीच छळाचे यंत्र बनू शकते का? फ्रान्समधल्या न्यायालयाने याचे उत्तर ‘हो’ असे दिले आहे. फ्रान्स टेलिकॉम या दूरसंचार कंपनीला २००६ नंतरच्या काळात २२ हजार माणसे कमी करायची होती. बरेच कर्मचारी सरकारी सेवेतले होते, त्यांना काढता येत नव्हते. मग त्यांनी स्वतःहून जावे अशी परिस्थिती निर्माण केली गेली : वारंवार बदल्या, अनुभवाशी संबंध नसलेली कामे, सततचे दडपण. न्यायालयापुढे ३९ जणांची प्रकरणे आली. त्यांतल्या १९ जणांनी जीव दिला होता. २० डिसेंबर २०१९ रोजी पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखांना दोषी ठरवले. पुढे अपिलात तुरुंगवास स्थगित स्वरूपाचा झाला, पण दोष कायम राहिला, आणि २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. अधिकारी त्या कर्मचाऱ्यांना व्यक्तिशः ओळखत नव्हते, तरी धोरण म्हणून राबवलेला छळ हा छळच, हे तत्त्व त्या निकालाने दिले. आपल्याकडच्या व्यवस्थापनशास्त्राच्या प्रत्येक वर्गात हा निकाल शिकवला पाहिजे.

भारतात या लढ्याची सुरुवात एका खेड्यातून झाली. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करत होत्या. बालविवाह रोखणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. ते केले म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडून दिले. पण काम करताना बाईवर हे ओढवले तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न घेऊन ‘विशाखा’ आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या पीठाने कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ही तत्त्वे कागदावरच राहत आहेत हे पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी पत्र लिहून सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेस आणले. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये अंमलबजावणीचे आदेश दिले. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. एका साथिनीच्या धाडसापासून देशाच्या कायद्यापर्यंत यायला एकवीस वर्षे लागली. तो सहज मिळालेला नाही, म्हणून तो वापरला पाहिजे.

या कायद्याचा तपशील पुस्तकात सविस्तर आहे. इथे मोजक्या गोष्टी. दहा किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्मे सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा असला पाहिजे. समिती नेमली नाही तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लहान आस्थापनांतल्या आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. कंत्राटी, हंगामी, प्रशिक्षणार्थी अशा सगळ्या स्त्रियांना हे संरक्षण आहे. तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. त्याचबरोबर चौकशी न्यायाने व्हावी हीही अट आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने चौकशी घाईघाईने उरकली, आरोपीला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला शिक्षा रद्द करून चौकशी नव्याने करायला सांगावे लागले. इतक्या वर्षांनंतरही कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत, अशी खंतही न्यायालयाने तेव्हा व्यक्त केली. समितीच्या अकार्यक्षमतेचा फटका शेवटी तक्रार करणाऱ्या स्त्रीलाच बसतो, हा त्यातला धडा.

हा कायदा लैंगिक छळापुरता आणि स्त्रियांपुरता आहे. रेकॉर्ड रूमच्या दाराशी बसवलेल्या क्लार्कसाठी असा एक सरळ कायदा आपल्याकडे नाही. ही उणीव मोठी आहे, आणि ती भरून काढण्याची मागणी हे पुस्तक स्पष्टपणे करते. तोवर जे आहे ते वापरायला शिकले पाहिजे. महाराष्ट्रात १९७१ साली झालेला, कामगार चळवळीत ‘पल्प ॲक्ट’ म्हणून ओळखला जाणारा कायदा आकसाने केलेली बडतर्फी आणि वाईट हेतूने केलेली बदली यांना अनुचित कामगार प्रथा मानतो. तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे. पदाच्या नावात ‘मॅनेजर’ असले म्हणजे कामगाराचे हक्क आपोआप जातात असेही नाही. प्रत्यक्ष काम काय करता हे न्यायालय पाहते. जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. धमकी, मारहाण, पाठलाग यांसाठी फौजदारी कायदा आहे. सरकारी सेवेत सेवानियम आहेत आणि माहितीचा अधिकार आहे. आपल्याविरुद्ध फाइलमध्ये काय लिहिले आहे हे त्याच्या आधारे मागता येते.

कायद्यापर्यंत पोचण्याआधी माणसाने स्वतःसाठी काय करावे? पहिली गोष्ट, लिहून ठेवावे. एक साधी वही घ्यावी आणि ती घरी ठेवावी. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोलले, कोण हजर होते, त्यानंतर आपण काय केले, एवढेच त्याच दिवशी लिहावे. विशेषणे नकोत. ‘साहेबांनी फार अपमान केला’ यापेक्षा त्यांचे नेमके शब्द लिहावेत. दुसरी गोष्ट, तोंडी आदेश लेखी करून घ्यावा. ‘आपण आज सकाळी सांगितल्याप्रमाणे मी काउंटर क्रमांक दोनचे काम श्री. अमुक यांच्याकडे सोपवले आहे, कृपया पुढील कामाबाबत मार्गदर्शन व्हावे’ असा नम्र, दोन ओळींचा ईमेल पुरतो. उत्तर आले नाही तरी त्या ईमेलची तारीख राहते. कागद दिला तर आवक विभागाचा शिक्का असलेली पोच घ्यावी, ती देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावा. मेमोला रागाच्या भरात उत्तर देऊ नये, पण उत्तर दिल्यावाचूनही राहू नये. मुदत कमी असेल तर ती वाढवून मागणारा अर्ज करावा. कोऱ्या कागदावर किंवा आधीच लिहून आणलेल्या राजीनाम्यावर त्याच खोलीत, त्याच क्षणी सही करू नये. ‘घरी वाचून उद्या देतो’ असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुणाला तरी सांगावे, आणि ते लवकर सांगावे. कार्यालयातला एक विश्वासू सहकारी, युनियनचा प्रतिनिधी, घरातले एक माणूस, कामगार कायद्याचा वकील, यांपैकी निदान दोघांना सगळे माहीत असावे. युनियन नसेल तर त्याच त्रासातून जाणाऱ्या दुसऱ्या माणसाला शोधावे. असा माणूस बहुतेक वेळा असतोच, कारण छळणारा सहसा एकावर थांबत नाही. दोघांनी सह्या केलेला अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा फार वेगळ्या नजरेने वाचला जातो. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, छातीत धडधडत असेल तर डॉक्टरांना कारणासकट सांगावे. उपचार होतो आणि नोंदही राहते. जगणे नकोसे वाटू लागले असेल तर एक क्षणही एकटे राहू नये. जवळच्या माणसाला ताबडतोब बोलवावे आणि टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

कधी कधी नोकरी सोडणे हाच शहाणपणाचा निर्णय असतो. त्यात हार नाही. तब्येत आणि घर शाबूत ठेवून बाहेर पडणाऱ्या माणसाला कुणी पळपुटा म्हणू नये. फक्त तो निर्णय आपला असावा, आपल्या वेळेला, कागदपत्रे, थकबाकी, ग्रॅच्युइटी आणि अनुभवाचा दाखला यांची व्यवस्था करून घेतलेला असावा. कुणीतरी ढकलले म्हणून रात्री साडेअकराला पाठवलेल्या राजीनाम्याचा पश्चात्ताप करणारी माणसे मी फार पाहिली आहेत.

छळ पाहणाऱ्यांसाठीही या पुस्तकात एक प्रकरण आहे, आणि माझ्या मते ते आधी वाचावे. साहेबांशी भांडायची हिंमत प्रत्येकात नसते, आणि तशी अपेक्षाही नाही. पण मीटिंगनंतर त्या माणसाजवळ जाऊन ‘मी ऐकलं, ते बरोबर नव्हतं’ एवढे म्हणता येते. दुपारी त्याच्या टेबलावर डबा उघडता येतो. ग्रुपमधून वगळलेल्याला मीटिंगची वेळ सांगता येते. उद्या चौकशीत विचारले तर जे पाहिले ते तसेच सांगता येते. याची किंमत थोडी आहे आणि परिणाम मोठा, कारण आपण वेडे नाही, हे त्या माणसाला पुन्हा कळते.

संस्था चालवणाऱ्यांना एवढेच विचारायचे आहे : तुमच्याकडे एकाच विभागातून दर वर्षी माणसे का सोडून जातात, याचा शोध तुम्ही घेतला आहे का? टार्गेट पूर्ण करणाऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडच्या शिव्या तुम्ही ‘कडक शिस्त’ म्हणून खपवून घेता का? तक्रार करणाऱ्याची बदली आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बढती, असे तुमच्याकडे कधी घडले आहे का? समितीच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली असतील, पण गेल्या वर्षभरात त्या समितीकडे एकही तक्रार आली नसेल, तर ‘आमच्याकडे सगळे ठीक आहे’ असे समजण्याची घाई करू नका. तक्रार करायला लोक घाबरत आहेत का, हे आधी पाहा.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. आज मेमो हातात पडला असेल त्याने थेट अर्जांच्या नमुन्यांकडे जावे. मनाने खचलेल्याने आधी आरोग्याचे प्रकरण वाचावे. समितीवर नेमणूक झालेल्यांनी चौकशीच्या पद्धतीवरचा भाग दोनदा वाचावा, कारण त्यांच्या एका चुकीने कुणाचे तरी आयुष्य बदलू शकते. वाचून झाले की पुस्तक कपाटात ठेवू नका. कार्यालयात ज्याच्या टेबलाशी हल्ली कुणी थांबत नाही, त्याला ते द्या, आणि देताना त्याच्याशी पाच मिनिटे बोला.